दोन हजार वस्तीच्या गावात दुरुस्तीचे दुसरे दुकान चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावची वस्ती दोन हजारांच्या आसपास, जवळचे शहर २० किलोमीटरवर आणि त्याची वस्ती १८,००० च्या घरात. पाण्याचे पंप, मोटर आणि छोटी इंजिने दुरुस्त करायचे काम तुम्ही शहरातल्या वर्कशॉपमध्ये शिकलात, तिथेच नोकरी करता. आता गावी येऊन स्वतःचे दुकान टाकायचे मनात आहे, पण त्याच कामाचे एक दुकान गावात आधीपासून आहे. दुसरे चालेल का, ओळखीच्या माणसांना उधारी नाकारायची कशी, कर्ज काढावे का आणि नोकरी आताच सोडावी का, हे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

लहान गावांतल्या दुकानदारांचे आणि कारागिरांचे हिशेब पाहणे, त्यांचे कर्जाचे प्रस्ताव तपासणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. बंद पडलेल्या धंद्यांच्या वह्याही हाताखालून जातात. त्यावरून स्पष्टच सांगतो: आहे त्या दुकानासारखेच दुसरे दुकान टाकलेत तर दोघेही अडचणीत याल. तुमच्या कसबाबद्दल शंका नाही. अडचण गिऱ्हाइकांच्या संख्येची आहे. शहरात एक गिऱ्हाईक तुटले तर दुसरे शोधता येते, पाटी बदलता येते, दोन रस्ते सोडून पलीकडे जागा घेता येते. गावात घरे मोजकी असतात आणि पुढच्या वर्षीही तेवढीच राहणार असतात. भाव किती लावायचा, उधारी कोणाला द्यायची, कर्ज किती झेपेल, शेजारच्या दुकानदाराशी कसे वागायचे, हे सगळे या एका गोष्टीवरून ठरते.

एकाच कामाची दोन दुकाने तगायला किती माणसे लागतात यावर टिमथी ब्रेस्नहन आणि पीटर राइस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांचा १९९१ सालचा एक अभ्यास आहे. मोठ्या शहरांपासून लांब असलेल्या २०२ स्थानिक बाजारपेठा त्यांनी घेतल्या आणि तिथल्या डॉक्टर, दंतवैद्य, औषधविक्रेते, प्लंबर आणि टायरवाले यांची संख्या वस्तीशी ताडून पाहिली. औषधाचे एक दुकान तगायला साधारण ५३० माणसे पुरत होती. दोन दुकाने तगायला १,०६० पुरायला हवीत असे आपल्याला वाटेल; प्रत्यक्षात २,१२० लागत होती. टायरवाल्यांमध्ये पहिल्याला ४९०, दोघांना मिळून १,७८०. डॉक्टरांमध्ये ८८० आणि ३,४९०. म्हणजे जवळपास चौपट. हे आकडे त्या देशातले आणि त्या काळातले, ते आपल्या गावाला जसेच्या तसे लावू नका. घ्यायचा तो पट. दुसरा आला की काम वाटले जाते आणि वर भावही उतरतात, म्हणून दुप्पट वस्तीने भागत नाही.

त्याच अभ्यासात प्लंबर मात्र वेगळे निघाले. पहिल्याला १,४३० आणि दोघांना ३,०२०, म्हणजे दुपटीहून जेमतेम जास्त. माझ्या मते याचे कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. प्लंबर गिऱ्हाइकाच्या दारी जातो, त्याला मोक्याची जागा लागत नाही, काम नसेल त्या दिवशी तो दुसरे काहीतरी करू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता तुमच्या गावाचे मोजमाप करू. खाली जे आकडे धरतो ते नमुन्याचे आहेत, खरे तुम्ही घरोघर फिरून भरायचे. समजा गावात ४०० घरे. त्यातल्या निम्म्या घरांकडे एखादा पंप किंवा इंजिन, म्हणजे २०० यंत्रे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर आणखी ३००. एकूण ५००. एक यंत्र सरासरी दोन वर्षांतून एकदा कारागिराकडे जाते असे धरले तर वर्षाला २५० दुरुस्त्या होतात. त्यातल्या निम्म्या सध्याच्या दुकानात, काही शहरात, काही घरच्या घरी. तुमच्या वाट्याला पहिल्या वर्षी ८० आल्या तरी पुष्कळ. म्हणजे आठवड्याला दीड. त्यातही निम्म्याहून जास्त काम पाण्याची निकड असते त्या दोन-तीन महिन्यांत येणार आणि उरलेले महिने तुम्ही दारात बसून रस्ता पाहणार. आठवड्याला दीड दुरुस्तीवर जागेचे भाडे, वीज, घर आणि कर्जाचा हप्ता भागत नाही, कारागीर कितीही उत्तम असो. हे कागदावर करायला एक संध्याकाळ लागते. इतके साधे मोजमाप न करता छपराचे पत्रे विकत घेणारे लोक मी कितीतरी पाहिले आहेत.

आसपासच्या वस्त्यांतले किती लोक तुमच्याकडे येतील याचाही ढोबळ अंदाज बांधता येतो. विल्यम रायली यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रावरून दोन बाजारांमधली सीमा काढतात. शहर गावाच्या नऊपट मोठे, नऊचे वर्गमूळ तीन, त्यात एक मिळवला की चार. २० किलोमीटरला चाराने भागा. गावापासून पाच किलोमीटर ही तुमची हद्द. त्यापलीकडचा माणूस शहराकडे ओढला जाणार. सूत्र जुने आहे, रस्ता खराब असेल तर हद्द सरकते, फोनवरून माल मागवायच्या काळात तर फारच सरकते. तरी दहा-पंधरा किलोमीटरवरची सगळी गावे आपलीच समजून प्रस्तावात गिऱ्हाइके मोजणाऱ्यांना भानावर आणायला ते पुरेसे आहे.

इथे एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गावातला दुकानदार म्हणतो, शहरात जायला वेळ आणि भाडे लागते, म्हणून माझ्याकडे चार पैसे जास्त पडले तरी लोक इथेच घेतील. पण माणूस तुमच्या एका वस्तूसाठी शहरात जात नाही. तो दवाखान्यासाठी जातो, मुलांच्या शाळेसाठी जातो, कचेरीतल्या कामासाठी जातो, आणि परतताना बेअरिंग, ऑइल सील, स्पार्क प्लग पिशवीत टाकून आणतो. जाण्याचा खर्च त्याने आधीच दुसऱ्या कामाच्या नावावर टाकलेला असतो. म्हणून पिशवीत मावणाऱ्या आणि दोन दिवस थांबू शकणाऱ्या वस्तूंमध्ये तुम्ही शहराशी जिंकणार नाही. जे थांबत नाही आणि जे उचलून नेता येत नाही, ते तुमचे. बसवलेली मोटर, विहिरीतला किंवा बोअरमधला पंप, बंद पडलेले इंजिन, पाण्याची फुटलेली मुख्य लाइन. दुकानात काय ठेवायचे आणि काय ठेवायचे नाही हे ठरवायला दुसरी कसोटी लागत नाही. तुमच्या पत्रातल्या खरेदीच्या यादीत सुट्या भागांचे मोठे कपाट आहे, ते आधी निम्मे करा. ज्या मॉडेलची गावात दोन-तीनच यंत्रे आहेत त्याचा इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे चाक, फळीवर ठेवला तर तो वर्षानुवर्षे तिथेच राहतो, आणि तुमचे भांडवल त्यात अडकते.

मग करायचे काय? गिऱ्हाइकांची संख्या वाढत नाही, तेव्हा त्याच घराच्या जास्त गरजा भागवायच्या. शहरात एका कामात खोल शिरणे फायद्याचे, कारण तिथे फक्त वाइंडिंग, म्हणजे मोटरमध्ये तांब्याची तार भरण्याचे काम, करणाऱ्यालाही पुरेसे काम असते. गावात कामाची रुंदी वाढवावी लागते. पण रुंदी वाढवायची म्हणजे दुकानात मिळेल ते मांडायचे असे नव्हे. किराणा, मोबाइलचे रिचार्ज आणि मोटर रिवाइंडिंग एकाच छताखाली पाहिले की मला वहीत काय दिसणार हे आधीच कळते: तीन कामे, आणि तिन्ही अर्धवट. एकाच फेरीत, एकाच हत्यारांच्या पेटीतून, त्याच घरी होणारी कामे जोडायची. पंपाबरोबर स्टार्टर आणि केबल, पाइपलाइन, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, फवारणीचे यंत्र, ठिबकचा फिल्टर. जिथे पंप आहे तिथे यातले काही ना काही असतेच.

सर्वांत जास्त पैसा कुठे आहे ते सांगतो, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ऐन निकडीत मोटर जळते तेव्हा शेतकऱ्याला दुरुस्ती नको असते, पाणी हवे असते. आणि रिवाइंडिंग म्हणजे जुनी तार काढणे, स्लॉट साफ करून नवे इन्सुलेशन घालणे, कॉइल भरणे, जोडणी, मग वॉर्निश आणि ते नीट सुकवणे. घाईने ओलसर वॉर्निशवर मोटर चालवली की ती पुन्हा दारात येते, शिव्यांसह. एवढ्या वेळात पीक थांबत नाही. ज्याच्याकडे दोन-तीन चांगले बदली पंप भाड्याने द्यायला आहेत त्याला त्याच दिवशी भाडे मिळते, दुरुस्ती आरामात आणि नीट करता येते, आणि गिऱ्हाईक शहराकडे पळत नाही. बदली पंप जुने घेऊन स्वतः दुरुस्त केलेले असले तरी चालतात. वाइंडिंगचे मशीन घेण्याआधी हे पंप घ्या. पंपावर तुमची खूण ठोका, नेताना वहीत सही घ्या, आणि भाडे दिवसाप्रमाणे लावा. ठोक भाडे लावलेत तर पंप हंगाम संपेपर्यंत परत येत नाही.

दुसरे काम देखभालीच्या वार्षिक कराराचे. थ्री फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारी, मोटर जळण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एक फेज जाणे. पुरवठ्यातला एक फेज तुटतो, मोटर तरी ओढत राहते, उरलेल्या फेजमधून जादा करंट वाहतो आणि वाइंडिंग भाजते. उघडल्यावर हे ओळखू येते. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये (तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोके एकत्र जोडलेली) दोन फेजच्या कॉइल काळ्या पडलेल्या असतात आणि तिसऱ्याच्या जवळपास कोऱ्या. डेल्टामध्ये (कॉइल एकमेकींना त्रिकोणात जोडलेल्या) एकाच फेजच्या काळ्या असतात. जास्त भाराने जळालेल्या मोटरमध्ये सगळ्या सारख्याच काळ्या होतात. गिऱ्हाइकाला बोलावून उघडलेला स्टेटर, म्हणजे मोटरचा कॉइल बसवलेला स्थिर भाग, दाखवा. कोऱ्या आणि काळ्या कॉइल शेजारी शेजारी पाहिल्या की सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारे उपकरण) का बसवायचा हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

इथे एक दुकानदार मला म्हणाला होता, मोटरी जळेनाशा झाल्या तर मी खाऊ काय? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच करार हवा. वर्षाची ठरलेली रक्कम, त्यात हंगामाआधी एक फेरी: मेगरने इन्सुलेशन तपासणे, बेअरिंगचे ग्रीस, ग्लँड, फुटव्हॉल्व्ह, स्टार्टरचे संपर्क. बिघाड झाला तर मजुरी नाही, सुट्या भागांचे पैसे वेगळे. आता मोटर न जळणे यात तुमचाही फायदा असतो. शिवाय ही फेरी कामाच्या मंद महिन्यांत येते, म्हणजे रिकामे दिवस भरतात आणि पैसा आधी हातात येतो. ५०० यंत्रांपैकी ६० जणांनी करार केला तरी तुमच्या आठवड्याच्या दीड दुरुस्तीचा हिशेब पार बदलतो. सगळे करणार नाहीत. पहिल्या वर्षी फार थोडे करतील, आणि तेही ज्यांची मोटर नुकतीच जळाली आहे ते. त्यांच्याकडेच आधी जा.

उधारीबद्दल थोडे जास्त लिहितो. गावातले धंदे मंदीपेक्षा उधारीने जास्त बसतात, असे माझे मत आहे.

आधी हिशेब. ८० ला घेतलेला सुटा भाग १०० ला विकला आणि पैसे आले नाहीत, तर ८० बुडाले. पुढच्या चार गिऱ्हाइकांकडून मिळणारा २०-२० नफा तेवढ्याच भरपाईला जातो. त्या चौघांसाठी तुम्ही फुकट राबलात. हे सगळ्यांना कळते. न कळणारा भाग पुढचा आहे. ज्याची बाकी थकली तो संकोचाने तुमच्या दारात येणे सोडतो. नवीन काम निघाले की तो दुसऱ्या दुकानात रोख देऊन करून घेतो. म्हणजे पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही गेले. जिथे एकूण घरेच ४०० आहेत तिथे अशी ३० घरे गेली की धंद्याचा एक हात तुटला. वर ती ३० घरे तुमच्या कामाला नावे ठेवतात, कारण ‘पैसे द्यायचे आहेत म्हणून जात नाही’ असे कोणी म्हणत नाही, ‘त्याचे काम बरोबर नसते’ असे म्हणतात.

उधारी पूर्ण बंद करण्याचा मार्गही लोकांनी चालून पाहिला आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी १८४४ साली सहकारी दुकान काढले तेव्हा रोखीचाच व्यवहार हा नियम ठेवला. भाव बाजाराप्रमाणे लावायचा, रोख घ्यायचे, आणि शेवटी नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत द्यायचा. ते दुकान टिकले. पण ते रोजच्या सामानाचे दुकान होते आणि गिऱ्हाईक हेच मालक होते. पीक हातात आल्यावरच ज्यांच्याकडे पैसा येतो अशांची मोटर ऐन मधल्या महिन्यात जळते तेव्हा सरसकट ‘रोख द्या’ म्हणून तुमचे चालणार नाही.

मी जो नियम सुचवतो तो साधा आहे. सुट्या भागांचे पैसे रोख, मजुरी उधार चालेल. तांब्याची तार, बेअरिंग, सील यांचे पैसे तुम्हाला घाऊक व्यापाऱ्याला द्यायचे असतात. ते उधार दिलेत तर दुसऱ्याचा पैसा उधार दिलात. मजुरी ही तुमची मेहनत आहे, ती महिना-दोन महिने अडकली तर पोट आवळून दिवस निघतात, पण व्यापाऱ्याच्या दारात तोंड लपवावे लागत नाही. हे नाते न दुखावता सांगताही येते: “मजुरीचे नंतर बघू, सामान तेवढे आणून द्या.” गिऱ्हाईक स्वतःच सामान आणतो म्हणाला तर आणू द्या, फक्त कोणत्या प्रतीचे ते लिहून द्या. नाहीतर हलकी तार येते आणि मोटर जळली की दोष तुमच्या हाताला लागतो.

परतफेडीची तारीख महिन्याची ठेवू नका. त्या घरात पैसा केव्हा येतो ते विचारा, आणि त्या आठवड्याची तारीख दोघांनी मिळून वहीत लिहा. ‘जमेल तेव्हा द्या’ हे ऐकायला मायेचे वाटते, पण त्यातून पैसे कधी येत नाहीत. आणि वही कशी वाचायची तेही सांगतो. बहुतेक जण बाकीचा आकडा पाहतात आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या मागे लागतात. मी आधी शेवटची जमा कोणत्या तारखेची आहे ते पाहतो. एका पानावर बाकी मोठी आहे, पण दर हंगामात काही ना काही जमा पडते, बाकी खाली-वर होत राहते. हे गिऱ्हाईक जिवंत आहे. दुसऱ्या पानावर छोटी रक्कम, तीच पुढच्या पानावर ओढलेली, पुन्हा पुढच्या वहीत ओढलेली, शाई तेवढी बदललेली. ती बाकी गेलेली आहे. अशा माणसाकडे स्वतः जा आणि निम्म्यात मिटवा. पैसे थोडे येतील, पण तो माणूस पुन्हा तुमच्या दारात यायला मोकळा होईल, आणि त्याची किंमत त्या अर्ध्या बाकीहून मोठी असते.

घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा, हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही, कारण सांगणारा जमाखर्चाच्या सात वह्या सांगतो. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या छोट्या व्यावसायिकांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना रीतसर हिशेबाचे शिक्षण दिले, काहींना फक्त ढोबळ नियम: दोन खण ठेवा, एक घराचा, एक धंद्याचा, आणि एका खणातून दुसऱ्यात पैसे घेतले तर चिठ्ठी टाका. रीतसर शिक्षणाने ठळक फरक पडला नाही. दोन खणांनी पडला, हिशेब सुधारले आणि वाईट आठवड्यांतली विक्रीही सावरली. तेव्हा संगणकावरचा हिशेब नंतर पाहू. दोन खण आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा एवढे पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि घरच्यांनाही तो नियम सांगा. खणात हात घालणारे तुम्ही एकटे नसता.

आता कर्ज. छोट्या कर्जाने माणसाचे नशीब पालटते असा गाजावाजा बराच झाला. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले सहा अभ्यास २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यांचा निष्कर्ष मवाळ होता: काही बाबतीत उपयोग होतो, कायापालट होत नाही. माझा अनुभवही तोच. ज्या धंद्यात आधीच काम येते आहे आणि भांडवल अपुरे पडते आहे तिथे कर्ज फळते. गिऱ्हाईकच नाही तिथे कर्जाने गिऱ्हाईक निर्माण होत नाही.

रकमेहून हप्त्याचे वेळापत्रक महत्त्वाचे. तुमची मिळकत हंगामी आणि हप्ता दरमहा, ही जोडी जुळत नाही. कोलकात्यात छोट्या कर्जदारांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ साली आला. काहींचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी सुरू झाला, काहींचा दोन महिन्यांनी. ज्यांना दोन महिन्यांची मोकळीक मिळाली त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. थकबाकीही त्यांच्यातच जास्त झाली, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून कर्ज देणाऱ्यापाशी व्याजाच्या अर्ध्या-पाव टक्क्यासाठी घासाघीस करण्याआधी, मंद महिन्यांत फक्त व्याज आणि हंगामात मोठा हप्ता असे होईल का ते विचारा. होत नसेल तर सर्वांत मंद महिन्यात घरखर्च जाऊन जे उरते तेवढ्याच हप्त्याचे कर्ज घ्या. काहीच उरत नसेल तर कर्ज घेऊ नका.

आणि कर्जाचा पैसा कशात घालायचा? जे उद्या विकता येईल त्यात. बदली पंप, मेगर, चेन पुली, चांगले टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारे यंत्र), हे सगळे मोडीत निघत नाही. गावात दुकानाच्या जागेवर, फरशीवर, काचेच्या कपाटांवर घातलेला पैसा परत येत नाही, कारण तीच जागा त्याच किमतीला घेणारा दुसरा माणूस गावात नसतो. नातेवाइकांकडून पैसे घेणार असाल तर कागद करा. भाऊ असो की सासरा.

राहता राहिला जुना दुकानदार. तुम्ही त्याचा उल्लेख अडथळा म्हणून केला आहे. मला तो तुमचा सर्वांत जवळचा मार्ग वाटतो. त्याचे वय काय, त्याच्यामागे ते काम करणारे घरात कोणी आहे का, हे शोधून काढा. नसेल तर त्याला आज ना उद्या दुकान बंद करायचेच आहे आणि गावात ते दुकान घेणारे गिऱ्हाईक तुम्ही एकटेच आहात. अशा दुकानात जुन्या हत्यारांना फारशी किंमत नसते. किंमत असते ती कोणाच्या बोअरमध्ये किती फुटांवर कोणता पंप सोडला आहे, कोणाची मोटर कोणत्या साली भरली, कोण पैसे देतो आणि कोण देत नाही, या माहितीला. ती त्याच्या डोक्यात असते. म्हणून एकरकमी व्यवहार करू नका. पुढचे दोन हंगाम त्याने तुमच्याबरोबर बसायचे, येणाऱ्या मजुरीतला ठरलेला वाटा त्याला द्यायचा, आणि त्या काळात पाटीवर त्याचेही नाव राहू द्यायचे. जुने लोक नावाकडे पाहून येतात.

तो अजून जोमात असेल तर काम वाटून घ्या. तो इंजिने आणि यांत्रिक कामे करतो का? मग वाइंडिंग तुम्ही घ्या, त्याच्याकडे आलेल्या मोटरी तुमच्याकडे आणि तुमच्याकडची इंजिने त्याच्याकडे. दोघांनी मिळून भाव चढवायचे मात्र मनात आणू नका. शहर २० किलोमीटरवर आहे, आणि लोक तिकडे तसेही जातातच. त्याने बोलणेच नाकारले, तर प्लंबरांचा तो आकडा आठवा. दुकान न टाकता दारोदार जाऊन काम करणारा म्हणून सुरुवात करा: बदली पंप, करार आणि जागेवरची दुरुस्ती. त्याच्या भट्टीशी आणि टेबलाशी तुमची स्पर्धा राहणार नाही.

नोकरी आताच सोडू नका. येत्या हंगामात जमेल तितकी रजा आणि सुट्टीचे दिवस गावात काढा आणि काम घ्यायला लागा. प्रत्येक बोलावणे लिहा: तारीख, यंत्र, काय बिघडले, किती लांब, पैसे रोख की उधार, आणि तुम्ही नसता तर तो कुठे गेला असता. हा शेवटचा रकाना टाळू नका, सर्वांत जास्त माहिती त्यातच असते. ‘जुन्या दुकानात’ असे उत्तर सारखे येत असेल तर तुम्ही फक्त त्याचे काम वाटून घेत आहात. ‘शहरात’ किंवा ‘तसाच पडून राहिला असता’ असे जास्त येत असेल तर तुमच्यासाठी काम आहे. हंगाम संपल्यावर यादी मोजा, करार किती झाले पाहा, आणि सहा महिन्यांचा घरखर्च धंद्याच्या खणाबाहेर वेगळा साठला की मालकाला नोटीस द्या. जमले तर त्याच्याशी चांगले राहूनच बाहेर पडा. गावात न होणारी कामे तुम्हाला पुढे त्याच्याकडेच पाठवायची आहेत, आणि सुरुवातीची तांब्याची तार व बेअरिंग त्याच्या खात्यावरून घाऊक भावात मिळाली तर ती बचतही काही कमी नसते.